पन्नास मोठे की चाळीस?
(ब्रिटनमध्ये एजन्सीमार्फत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी वेतनमार्गाचा एक अभ्यास)

काही महिन्यांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास इंग्लंडहून भाचीचा दूरध्वनी आला. आपल्या बडोद्याच्या मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन ती तिकडे गेली, त्यास आता बरीच वर्षे झाली. अलीकडेच तिला तेथे कायम वास्तव्याची परवानगी मिळाली आणि रुग्णालयाची बांधील नोकरी सोडून काही काळ एजन्सीमार्फत लोकम रजिस्ट्रारचे काम करावे, असे तिने ठरविले. एजन्सीने तिच्यापुढे एकाच कामाचे दोन दर ठेवले होते. अम्ब्रेला कंपनीमार्फत वेतन घेतल्यास ताशी ५० पौंड आणि एजन्सीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर आल्यास ताशी ४० पौंड अधिक रजेचे वेतन. "मामा, यात विचार करण्यासारखे काय आहे? पन्नास ते पन्नासच ना!" ती म्हणाली.

मी तिला म्हटले, "सही करू नकोस. उद्या सकाळपर्यंत थांब. मी हिशेब करून पाठवितो."

मी स्वतः भूलतज्ज्ञ म्हणून इंग्लंडमध्ये अठरा वर्षे काढली. त्यांतील अखेरची काही वर्षे लोकम म्हणून गेली. २०२१ साली बडोद्यास परतलो. तिने विचारलेला प्रश्न एके काळी माझ्याही पुढे आला होता आणि त्याचे उत्तर मी चुकविले होते. आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज तिकडे आहेत, काही जाण्याच्या तयारीत आहेत. स्मरणिकेसाठी लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा वैद्यकीय विषयाऐवजी हाच विषय घ्यावा असे मनाशी ठरविले. आपल्या शिक्षणात वेतनपत्रक वाचावयास कोणी शिकवीत नाही आणि त्या अज्ञानाची किंमत मात्र पुरेपूर मोजावी लागते.

तीन वाटा

एन.एच.एस.च्या रुग्णालयास तात्पुरता डॉक्टर हवा असला म्हणजे ते प्रथम आपल्या 'बँके'कडे पाहते. येथे बँक म्हणजे पैशांची पेढी नव्हे, तर रुग्णालयाने स्वतःच ठेवलेली तात्पुरत्या कर्मचाऱ्यांची यादी. तेथून कोणी मिळाले नाही, तर एजन्सीकडे मागणी जाते.

एजन्सीमार्फत जाणाऱ्या डॉक्टरास वेतन मिळण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली, एजन्सीचे स्वतःचे पगारपत्रक. तिकडे कर पगारातूनच कापून घेण्याच्या पद्धतीस पे-ॲज-यू-अर्न, अर्थात पी.ए.वाय.ई. म्हणतात, म्हणून ही वाटही त्याच नावाने ओळखली जाते. दुसरी, अम्ब्रेला कंपनी. ही कंपनी डॉक्टरास आपला नोकर म्हणून नेमते, एजन्सीकडून कामाचे पैसे घेते आणि आपले व सरकारचे देणे वळते करून उरलेली रक्कम वेतन म्हणून देते. तिसरी, डॉक्टराची स्वतःची मर्यादित कंपनी. ही तिसरी वाट एके काळी फार वाहती होती. परंतु एप्रिल २०१७ पासून सार्वजनिक क्षेत्रात, असा डॉक्टर करापुरता नोकर मानावयाचा की स्वतंत्र व्यावसायिक, हे ठरविण्याची जबाबदारी रुग्णालयावर आली आणि बहुतेक लोकम डॉक्टरांसाठी ती वाट अरुंद झाली. तेथून वळलेले पुष्कळसे लोक अम्ब्रेलाखाली आले. म्हणून आज खरी निवड पहिल्या दोहोंतच असते.

एकके निराळी, आकडे निराळे

आपल्याकडे रक्तशर्करा मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. येथे १२६ आणि तेथे ७, अर्थ एकच. तिकडे गेलेल्या प्रत्येक भारतीय डॉक्टराने पहिल्या आठवड्यात मनातल्या मनात अठराने गुणाकार केलेला असतो. १२६ हा आकडा ७ पेक्षा मोठा आहे, म्हणून तो रुग्ण अधिक मधुमेही, असे आपण कधी म्हणणार नाही. मग ५० आणि ४० यांच्या बाबतीत आपण नेमके तेच का करतो?

अम्ब्रेलाचा दर हे वेतन नव्हेच. ती एजन्सीने अम्ब्रेला कंपनीस द्यावयाची रक्कम. त्यातून मालकाने सरकारला भरावयाचा नॅशनल इन्शुरन्स, अप्रेंटिसशिप लेव्ही, कंपनीचे स्वतःचे शुल्क, रजेचे वेतन आणि पेन्शनमधील मालकाचा वाटा, हे सारे भागवावयाचे असते. उरते ते डॉक्टराचे ठोक वेतन आणि त्यावर पुन्हा डॉक्टराचा आयकर व डॉक्टराचा नॅशनल इन्शुरन्स. आपल्याकडील मोठ्या खासगी रुग्णालयांत नेमणूक देताना 'सीटीसी' सांगतात, ज्यात मालकाच्या भविष्यनिर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. अम्ब्रेलाचा दर त्याच जातीचा.

याउलट एजन्सीच्या पी.ए.वाय.ई. दरात मालकाचा भार धरलेला नसतो. तो एजन्सी वेगळा सोसते. सांगितलेला दर हेच डॉक्टराचे ठोक वेतन. तेथे एकच प्रश्न विचारावयाचा : यात रजेचे वेतन धरले आहे की त्यावर वेगळे मिळणार?

आता प्रत्यक्ष हिशेब

भाचीस मी पाठविला तोच हिशेब येथे देतो. आठवड्यास ४० तास काम धरले आहे. एप्रिल २०२५ पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स आठवड्याच्या ९६ पौंडांवरील वेतनावर १५ टक्के आहे. त्यापूर्वी तो १३.८ टक्के होता आणि सुरुवातीची मर्यादाही अधिक उदार होती. लेव्ही वेतनाच्या अर्धा टक्का. कंपनीचे शुल्क आठवड्यास २० पौंड मानले आहे. पेन्शन तूर्त बाजूस ठेवू.

अम्ब्रेला, ताशी ५० पौंड :
एजन्सीकडून कंपनीस आलेली रक्कम : २,००० पौंड
कंपनीचे शुल्क : २० पौंड
मालकाचा नॅशनल इन्शुरन्स : सुमारे २४५ पौंड
अप्रेंटिसशिप लेव्ही : सुमारे ९ पौंड
उरलेले ठोक वेतन, रजेच्या वेतनासह : सुमारे १,७२७ पौंड

म्हणजे ताशी ५० नव्हे, सुमारे ४३ पौंड १७ पेन्स. आणि त्यातही रजेचे वेतन दडलेले आहे. तिकडे वर्षाला ५.६ आठवडे सवेतन रजेचा हक्क आहे. उरलेल्या ४६.४ आठवड्यांशी त्याचे प्रमाण १२.०७ टक्के. तेवढा भाग वेगळा काढला की प्रत्यक्ष कामाचा दर ताशी सुमारे ३८ पौंड ५२ पेन्स उरतो.

एजन्सीचे पी.ए.वाय.ई., ताशी ४० पौंड अधिक रजेचे वेतन :
कामाचे वेतन : १,६०० पौंड
रजेचे वेतन, १२.०७ टक्के : सुमारे १९३ पौंड
एकूण ठोक वेतन : सुमारे १,७९३ पौंड

तुलना आता एकाच एककात आली. ३८.५२ आणि ४०. 'चाळीस' हे 'पन्नास'पेक्षा आठवड्यास सुमारे ६६ पौंडांनी मोठे निघाले. डॉक्टराचा आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स दोन्ही वाटांवर सारख्याच नियमांनी कापला जातो, म्हणून ठोक वेतन जेथे अधिक तेथेच हाती येणारी रक्कमही अधिक. या पातळीच्या उत्पन्नावर आयकर ४० टक्के आणि नॅशनल इन्शुरन्स २ टक्के धरता त्या ६६ पौंडांतील सुमारे ३८ पौंड खिशात राहतात.

पेन्शन धरल्यास अंतर वाढते. नियमानुसार मालकाचा किमान वाटा पात्र वेतनाच्या ३ टक्के असून या उदाहरणात तो आठवड्यास सुमारे २५ पौंड होतो. एजन्सीच्या पगारपत्रकावर तो दराच्या वर मिळतो. अम्ब्रेलाकडे तो त्या २,००० पौंडांतूनच निघतो. दोन्ही मार्ग बरोबरीस यावयाचे असतील, तर अम्ब्रेलाचा दर पेन्शनविना ५२ पौंडांच्या आणि पेन्शन धरून साडेबावन्न पौंडांच्या आसपास असावयास हवा.

माझी चूक

२०१६ साली मी प्रथम एजन्सीचे काम धरले तेव्हा असा हिशेब मला ठाऊक नव्हता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितले की, अम्ब्रेला बरी, येण्याजाण्याचा खर्च करातून वजा होतो. त्यांचे म्हणणे त्यांच्या काळापुरते खरे होते. परंतु ६ एप्रिल २०१६ पासून, ज्याचे काम दुसऱ्याच्या देखरेखीखाली, निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली चालते, अशा अम्ब्रेला नोकरास घर ते कामाचे ठिकाण या प्रवासावरील ती सवलत बंद झाली होती. रुग्णालयातील डॉक्टर सामान्यतः त्यातच मोडतो. जुन्या अनुभवाचा सल्ला नव्या कायद्यात चालत नाही, हे कळावयास मला पहिले वेतनपत्रक हाती यावे लागले.

त्या पत्रकात नॅशनल इन्शुरन्स दोनदा लिहिलेला पाहून माझा पारा चढला. दूरध्वनी करून मी बरेच बोललो. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितले की, एक मालकाचा आहे आणि एक आपला, आणि दोन्ही आपल्याला सांगितलेल्या दरातूनच जातात. ती खोटे बोलत नव्हती. मालकाचा वाटा नोकराच्या वेतनातून कापणे कायद्यास मान्य नाही. पण वेतन ठरण्याआधीच एजन्सीच्या रकमेतून तो बाजूस काढणे चालते, आणि व्यवहारात परिणाम एकच. मला हे सही करण्यापूर्वी विचारता आले असते. मी विचारले नाही.

दुसरी चूक अधिक महाग पडली. रजेचे वेतन दर आठवड्यास हाती न देता कंपनी ते साठवून ठेवीत असे. मी ते मागावयाचे होते. कामाच्या धबडग्यात मागितले नाही, रजेचे वर्ष संपले आणि करारातील एका ओळीच्या आधारे ती रक्कम बुडाली. कष्ट माझे, रजा माझी, आणि विसरभोळेपणाही माझाच. २०२४ च्या १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या रजावर्षांकरिता, अनियमित तास काम करणाऱ्यांस हे वेतन प्रत्येक पगाराबरोबर देण्यास कायद्याने मुभा दिली आहे. पण ते तसे मिळणार की साठणार, हे आजही विचारूनच घ्यावे लागते.

छत्रीखाली कधी जावे?

हे वाचून अम्ब्रेला कंपनी म्हणजे लबाडी, असा समज कोणी करून घेऊ नये. नीट चालणाऱ्या कंपनीचे काही खरे फायदे आहेत. तीन-चार एजन्सींकडून कामे घेणाऱ्या डॉक्टरास प्रत्येकीच्या पगारपत्रकावर वेगळे नाव, वेगळा कर-संकेतांक आणि वर्षअखेरीस जुळवाजुळव, असा त्रास होतो. अम्ब्रेलामुळे मालक एकच राहतो. तेथे रीतसर नोकरीचा करार असतो, म्हणून नोकरास मिळणारे कायदेशीर हक्कही कागदावर अधिक असतात. एजन्सीच्या पगारपत्रकावरील डॉक्टर बहुधा इतक्या पूर्ण अर्थाने नोकर नसतो. काही कंपन्या वेतनाचा भाग थेट पेन्शनमध्ये वळविण्याची सोय देतात. त्यामुळे त्या भागावरील मालकाचा नॅशनल इन्शुरन्सही वाचतो. वर्षाचे उत्पन्न एक लाख पौंडांच्या पुढे जाणाऱ्या डॉक्टरास, जेथे करमुक्त मर्यादाच हळूहळू काढून घेतली जाते, ही सोय मोलाची ठरते. आणि काही एजन्सी स्वतःचे पगारपत्रक देतच नाहीत. तेव्हा प्रश्न 'घ्यावी की न घ्यावी' असा न राहता 'कोणती' असा होतो.

खरा धोका

येथवर ज्या हानीविषयी लिहिले ती काही पौंडांची आहे. पण या क्षेत्रात एक हानी अशी आहे की ती घर मोडते, आणि हा लेख मुख्यतः तिच्याकरिता लिहिला आहे.

माझे एक स्नेही, तिकडच्या मराठी वर्तुळातले, अत्यंत सरळ मनाचे शल्यचिकित्सक. २०१२ च्या सुमारास त्यांना एका कंपनीने सांगितले की, आमच्याकडे उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम हाती पडेल आणि सारे कायदेशीर आहे, वकिलाचे मत घेतलेले आहे. रीत अशी होती : किमान वेतनाएवढा थोडा पगार दाखवावयाचा, त्यावर कर भरावयाचा, आणि उरलेली रक्कम परदेशातील एका न्यासाकडून 'कर्ज' म्हणून द्यावयाची. ते कर्ज कधी फेडावयाचे नसते, हे सर्वांस ठाऊक. दोन वर्षे त्यांनी ते घेतले. नंतर नोकरीत स्थिरावले आणि विसरून गेले.

२०१८ साली कर खात्याचे पत्र आले. २०१७ च्या कायद्याने 'लोन चार्ज' आणला होता. ५ एप्रिल २०१९ रोजी न फिटलेली अशी कर्जे त्या वर्षीचे उत्पन्न मानून त्यावर कर द्यावयाचा. त्यांनी कंपनीस शोधले, तर ती केव्हाच गुंडाळली गेली होती. वकिलाचे मत ज्याने दाखविले तो माणूसही नव्हता. पत्र मात्र त्यांच्या नावे होते, कारण उत्पन्न त्यांचे होते. पुढे चौकशी होऊन ९ डिसेंबर २०१० पूर्वीची कर्जे वगळण्यात आली आणि रक्कम तीन वर्षांत विभागण्याची मुभा मिळाली. माझ्या स्नेह्यांची कर्जे त्या तारखेनंतरची होती. दुसऱ्या मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे त्यांनी भरले. एके रात्री ते मला म्हणाले, "मी कर चुकविला नाही हो, मी फक्त वाचले नाही." ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

असे मार्ग आजही निराळ्या नावांनी येतात. कधी 'आगाऊ रक्कम', कधी 'ॲन्युइटी'. कर खाते अशा योजनांची नावे प्रसिद्ध करते, ती यादी पाहावी. अम्ब्रेला कंपनीने कर भरला नाही तर एजन्सीसही जबाबदार धरावयाचे, असा बदल २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर होऊन त्याची तारीख ६ एप्रिल २०२६ ठरविण्यात आली. बदल स्वागतार्ह आहे. तथापि त्यामुळे आपण डोळे मिटावेत असे नाही. कसोटी सोपी आहे : दोन्ही सरळ वाटांवर डॉक्टराचा कर सारखाच असतो. मग एखादी कंपनी हाती 'पुष्कळ अधिक' देते, असे म्हणत असेल, तर ती आपला कर भरीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सही करण्यापूर्वी

भाचीस मी प्रश्नांची एक चिठ्ठीच लिहून दिली. ती येथे जशीच्या तशी देतो.

१. की इन्फर्मेशन डॉक्युमेंट मागितले काय? ६ एप्रिल २०२० पासून एजन्सीने करारापूर्वी हे देणे बंधनकारक आहे. वेतन कोण देणार, त्यातून काय काय वळते होणार आणि नमुन्यादाखल हाती किती पडणार, हे त्यात असते. दोन मार्ग असतील तर दोन्हींचे मागावे.

२. हा दर ठोक वेतनाचा आहे की अम्ब्रेला कंपनीस जाणाऱ्या रकमेचा?

३. रजेचे वेतन दरात आहे की वर? दर पगारास मिळणार की साठणार? साठणार असेल तर मागण्याची अखेरची तारीख कोणती?

४. पेन्शनमधील मालकाचा वाटा कोणाच्या खिशातून?

५. वेतनाचा प्रत्येक पौंड पी.ए.वाय.ई. खाली जातो काय? 'होय' हे उत्तर लेखी घ्यावे.

६. माझा रिस्पॉन्सिबल ऑफिसर कोण? जी.एम.सी.चे रिव्हॅलिडेशन २०१२ च्या डिसेंबरपासून सुरू झाले आहे. लोकम डॉक्टराची ही जबाबदारी बहुधा एजन्सीकडे असते, अम्ब्रेला कंपनीकडे नसते. मार्ग बदलला तरी अप्रेझल चुकता कामा नये.

७. माझ्या व्हिसात हे बसते काय? भाचीचा हा प्रश्न सुटलेला होता. परंतु रुग्णालयाच्या प्रायोजनावर गेलेल्या आपल्या मुलांनी एजन्सीचा अर्ज भरण्यापूर्वी तो प्रथम विचारावा. स्किल्ड वर्कर व्हिसावर मुख्य नोकरी सांभाळून करावयाच्या जादा कामास आठवड्याला २० तासांची मर्यादा असून इतरही अटी आहेत.

आणि या सर्वांच्या आधी एक प्रश्न : रुग्णालयाच्या स्वतःच्या बँकेत जागा आहे काय? तेथे ताशी दर एजन्सीहून कमी दिसतो, पण बँकेवरील डॉक्टरास एन.एच.एस. पेन्शन योजनेत राहता येते. एजन्सी वा अम्ब्रेलामार्फत ते मिळत नाही. त्या पेन्शनचे मोल तिशीत कळत नाही, पंचावन्नाव्या वर्षी कळते.

भाचीने दुसऱ्या दिवशी एजन्सीस दोन्ही मार्गांचे कागद मागितले. अम्ब्रेलाचा दर साडेबावन्नच्या वर नेता येईल काय, असेही विचारले. नेता येत नाही, असे उत्तर आले. मग तिने आठवड्यातील काही पाळ्या पूर्वीच्या रुग्णालयाच्या बँकेत घेतल्या आणि उरलेल्या एजन्सीच्या पगारपत्रकावर, ताशी चाळीसने. परवा तिचा पुन्हा दूरध्वनी आला. म्हणाली, "मामा, माझ्याबरोबरचे सगळे पन्नासवाले मला वेड्यात काढतात." मी म्हटले, "त्यांना तुझा हिशेब दाखव, आणि त्यांची वेतनपत्रके बघायला माग."

रुग्णाच्या हाती औषधाची चिठ्ठी देण्यापूर्वी आपण मात्रा दोनदा तपासतो. स्वतःच्या श्रमाच्या कागदावर सही करताना तेवढीच काळजी घेतली, तर परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना माझ्यासारखी रजा आणि माझ्या स्नेह्यांसारखी झोप गमवावी लागणार नाही. मंडळातील ज्या घरांतून कोणी तिकडे आहे, त्यांनी वरील चिठ्ठी कापून पाठविली तरी या लेखाचे काम झाले असे मी समजेन.